शिरोरेषा

लक्ष्मीपुरीत, धान्य ओळीच्या पाठीमागं
सहा बाय आठचं दुकान. शिकलगार रेडियम.
वडील सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरले,
मी बसल्या जागी ब्लेडनं अक्षरं कापतो.

आकडा म्हणजे आकडाच, असं कायदा म्हणतो.
पण माणसाला आकड्यात नाव दिसतं, त्याला कोण काय करणार?
दोन-एक-चार वाकवला की राम.
आठ-शून्य-पाच-पाच तर बालवाडीतलं पोरही वाचतं.
आणि चार-एक-चार-एक हे सगळ्यात सोपं काम:
चाराच्या पायाला जरा शेपटी,
एक तर जन्मजातच काना,
वरनं आडवी रेघ ओढली
की झाला दादा.
दीडशे रुपये. चमकणारा पाहिजे तर दोनशे.

गुळाचे अडते आले, तालमीतली पोरं आली,
कुण्या सरपंचाचा मेव्हणा आला, पैसे न देताच गेला.
तसाच एक दिवस अभिनंदन मगदूम, रुकडीचा,
जुनी स्प्लेंडर, टाकीला पोचा.
म्हणाला, चार-एक-चार-एक आहे. दादा करा.
मी म्हटलं, आधी मिशी तर येऊ दे रं, मग हो दादा.
तो हसला नाही.
गिऱ्हाईक हसलं नाही तरी पैसे तेवढेच.

महिन्याभरानं दुपारी
चौगुले बाई गाडी ढकलत दुकानापर्यंत आल्या,
शिट्टी गळ्यात, मागनं मान खाली घालून पोरगं.
"शिकलगार, हा द तुमचाच. सगळ्या कोल्हापुरात
असली शेपटी दुसरं कोण काढत नाही.
दंड ह्याला झालाय, पण हात तुमचा हाय.
काढा, माझ्यासमोर."
मी ब्लेड शोधायचं नाटक करत राहिलो.
बाई पोराला बोलत होत्या, रोजचं पाठ असल्यासारखं:
"नंबर वाचता आला पाहिजे, बाळा.
उद्या कुणाला उडवून पळालास
तर बघणाऱ्यानं काय सांगायचं? दादा गेला म्हणून?"

"तसंच झालंय बाई," अभिनंदन म्हणाला.
"सांगली फाट्यावर. माझा दादा. सम्मेद.
ही गाडी त्याचीच.
उडवणारा थांबला नाही.
चहावाल्यानं पाटी बघितली,
पोलिसांनी विचारलं तर म्हणाला,
आकडा नव्हता साहेब. राजे लिवलं होतं."

मशीनमधनं पावती निम्मी बाहेर येऊन थांबली होती.
बाईंनी ती ओढली नाही.
समोर हमालांनी पोत्यांची थप्पी लावली,
धूळ उडाली, बसली.

कधीची गोष्ट, मी विचारलं.
गेल्या दिवाळीच्या आधी, म्हणाला.

गेल्या दिवाळीच्या आधी
मी किती राजे कापले?
उधारीची वही आहे माझ्याकडं,
राजेंची नाही.

मग शिरोरेषा सोलली.
नखानं कोपरा उचलला, बाकीची आपोआप आली,
पिवळी, लांब, अंगठ्याला चिकटलेली.
शेपट्या खरवडल्या.
खाली चार, एक, चार, एक,
शाळेत उभी केल्यासारखी पोरं, सुटी सुटी.
बाईंनी मोठ्यानं वाचलं. बरोबर, म्हणाल्या.
पाचशे घेतले. ते त्यांनी सोडले नाहीत,
आणि मी माझे दीडशे परत करायला गेलो
तर पोरानं गाडीला किक मारली होती.

संध्याकाळी एक जण आला, काळी मोटार,
गॉगल डोक्यावर.
"मास्तर, राजे पाहिजे. आकडे ओळखू आले नाही पाहिजेत."
अंगठ्यावरची पिवळी पट्टी
त्याच्या दिव्यांच्या उजेडात चमकली.
मी म्हटलं, ब्लेडला धार नाही.
शिकलगाराच्या पोटी जन्मून
पहिल्यांदा हे तोंडातनं निघालं.

बरं, म्हणाला, आणि दोन दुकानं सोडून पुढं गेला.
तिथं मशीन आहे.
ब्लेड लागत नाही.